टायरचा साइझ बदलताय? छोट्या गाडीसाठी या चुका टाळा

दुकानात जाऊन 'एकशे पासष्ट चौदाचे चार द्या' एवढंच सांगणं ही पहिली चूक, आणि सगळ्यात महागात पडणारीही. १६५ आणि १४ हे दोन आकडे असलेले टायर आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत तीन तऱ्हेचे आहेत. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४, वॅगन आरच्या १.२ लिटर मॉडेलला १६५/७० आर१४ आणि ग्रँड आय टेनला १६५/६५ आर१४. तिन्ही चौदा इंची रिमवरच चढतात. पण स्विफ्टचा टायर उभा केला तर साधारण ६२० मिलिमीटर उंच भरतो, ग्रँड आय टेनचा ५७०. पाच सेंटिमीटरचा हा फरक मधल्या आकड्यात असतो, आणि नेमका तोच आकडा आपण बोलत नाही.

मधला आकडा म्हणजे टायरची बाजूची भिंत त्याच्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते. हिशेब मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतो. १६५ चे ८० टक्के १३२. भिंत वर एक, खाली एक, म्हणून दुप्पट केले की २६४. रिमचे १४ इंच गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६. बेरीज ६१९.६ मिलिमीटर. नवा टायर कुठलाही घ्या, ही बेरीज जुन्याच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवा. तीन टक्क्यांच्या पलीकडे तर जाऊच नका.

हे मी टायर टाकून झाल्यावर शिकलो. माझ्या स्विफ्टचे टायर झिजले तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, एकशे पंच्याऐंशी पासष्ट चौदा टाका. रुंद आहे, गाडी रोडला धरून चालेल. तुमच्याच रिमवर बसतो." बसला. दिसायलाही छान दिसला. पहिल्याच टाकीला अ‍ॅव्हरेज वाढलेलं दिसलं. मग नाशिकला जाताना बायको सहज रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत होती. दहा दगड मागे गेले तेव्हा ट्रिप मीटरवर १०.४ दिसत होते. पुढच्या दहालाही तेच. घरी येऊन हिशेब केला तर नवा टायर ५९६ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ चार टक्के लहान. चाक लहान म्हणून जास्त फेरे, आणि फेरे जास्त म्हणून मीटरवर किलोमीटर जास्त. अ‍ॅव्हरेज वाढलंच नव्हतं. गाडी मात्र बारा मिलिमीटर खाली आली होती, आणि चार माणसं बसली की सोसायटीच्या गतिरोधकावर पोट घासायला लागली.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. जास्त उंच टायर टाकला की मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवण्याकडे झुकतो आणि छोट्या इंजिनाचा पिकअप मरतो. घाटात जिथे तिसऱ्या गिअरवर चढायची तिथे दुसरा टाकावा लागतो.

रुंदी वाढवायचीच असेल तर कंपनीने काय केलंय ते आधी बघा. २०१८ च्या स्विफ्टमध्ये वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ आहे. त्याचा हिशेब ६२१.५ येतो, फरक दोन मिलिमीटरचासुद्धा नाही. रिम वाढवली तेव्हा भिंत कमी केली, असं ते गणित आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर आणि गाडीचं मॅन्युअल उघडा, आपल्याच मॉडेलचे सगळे साइझ तिथे सापडतील.

त्यापुढे सोळा इंचाचा मोह असतो. १९५/५५ आर१६ ची उंची स्विफ्टला अगदी बरोबर जुळते, ६२१. पण भिंत १३२ वरून १०७ मिलिमीटरवर आलेली असते. खड्डा सोसायची गादी ती भिंतच आहे. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, दणका थेट रिमवर जातो, रिम वाकते किंवा टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा म्हणजे आतले दोरे तुटले, त्यावर दुरुस्ती नाही, टायर फेकायचाच. आपले रस्ते बघता छोट्या गाडीला सोळा इंच टाकू नयेत असं माझं ठाम मत आहे. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, हे कोकणात जाणाऱ्यांनी तरी लक्षात ठेवावं.

साइझच्या शेजारी ८५ टी किंवा ७९ टी असं काही छापलेलं असतं, तेही वाचा. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो, ७९ म्हणजे ४३७. मूळ आकड्यापेक्षा कमी चालणार नाही, मग टायर कितीही स्वस्त मिळो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा टायर. बाजूच्या चार आकड्यांत तारीख असते: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

दोनच टायर बदलणार असाल तर साइझ बदलूच नका. पुढे एक उंची आणि मागे दुसरी झाली की एबीएसला, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, चाकांचे फेरे जुळेनासे होतात. नवे दोन टायर मागे टाका, पुढे नाही. पावसात मागची बाजू सटकली तर गाडी सावरणं फार अवघड जातं. स्टेपनी जुन्याच साइझची राहणार असेल तर ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यापुरती.

आधीच टाकून बसला असाल आणि गाडी ऐंशी-नव्वदला थरथरत असेल, तर आधी बॅलन्सिंग बघा. एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. टायर मधोमध झिजत असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजत असेल तर कमी. मधोमध झिजण्याचं अजून एक कारण म्हणजे अरुंद रिमवर चढवलेला रुंद टायर.

विम्याच्या कंपनीला बदल कळवा. कंपनीने त्या मॉडेलला कधीच न दिलेला साइझ असेल तर क्लेमच्या वेळी प्रश्न येऊ शकतो.

दुकानात चारही टायर एकदम चढवू देऊ नका. पुढे एकच बसवायला सांगा, गाडी जॅकवरून खाली घ्या, आत माणसं बसवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. मडगार्डच्या आत हात घालून बघा. बोट जाण्याइतकीही जागा उरत नसेल तर टायर तिथल्या तिथे परत करा. न चालवलेला टायर दुकानदार घेतो, चालवलेला घेत नाही.