टाचेच्या शिरेचं जुनं दुखणं: ऑपरेशनच्या चाचणीत नाव देताना या चुका टाळा

पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं असोत, नाहीतर मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी निघणारे वारकरी. टाचेवरची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, महिनोन्‌महिने दुखत राहिली की जळगाव-धुळ्याकडे प्रश्न ठरलेला असतो: "ऑपरेशन करून टाकू का?" त्यात कुणी सांगतं, अमुक ठिकाणी याच ऑपरेशनची चाचणी, म्हणजे त्याने खरंच गुण येतो का हे रुग्णांवर पाहणारा अभ्यास, चालू आहे, खर्च लागत नाही. मग घाई होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्यायाम अर्धवट सोडून "करून पाहिला, फरक नाही" असं सांगणं. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर हॉकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम असा आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहा. वर जाताना भार चांगल्या पायावर घ्या आणि मग फक्त दुखऱ्या पायावर भार ठेवून टाच सावकाश पायरीखाली न्या. गुडघा सरळ ठेवून १५-१५ चे ३ सेट, गुडघा किंचित वाकवून आणखी ३. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला १८० वेळा, तेही १२ आठवडे. प्रत्यक्षात बहुतेक जण दोन्ही पायांवर भार घेऊन भराभर वरखाली करतात आणि दुखलं की आठवड्यात सोडून देतात. थोडं दुखणं चालतं. दहापैकी पाचपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालं, तर थांबायचं कारण नाही.

दुखतं कुठं, तेही चिमटीत धरून पाहा. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वर दुखत असेल तर वरचा व्यायाम जसाच्या तसा करा. शीर हाडाला चिकटते अगदी तिथंच दुखत असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. या दोन दुखण्यांची ऑपरेशनंही वेगळी. चाचणी यापैकी कशाची आहे, हे न विचारता नाव देऊ नका.

चालू असलेली औषधं लपवू नका. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जंतुसंसर्गावरच्या गोळ्यांनी शीर तुटण्याचा धोका वाढतो. साठीच्या पुढे किंवा सोबत स्टेरॉइड असेल तर जास्तच. शुगर असेल तर तीही सांगा.

आता वशिला. ऑपरेशन कुणाला आणि व्यायाम कुणाला, हे संगणकाच्या सोडतीने ठरतं. ओळख काढून ऑपरेशनच्या गटात घुसलात तर चाचणीच वाया जाते. काही चाचण्यांत एका गटाला आतलं ऑपरेशन न करता नुसती चीर देतात, आणि ही फसवणूक नसते, संमतीपत्रात ते आधीच लिहिलेलं असतं. त्याची गरज का, हे ब्रिटनमधल्या २०२१ च्या चाचणीवरून कळतं. याच शिरेच्या २४० रुग्णांत निम्म्यांना पीआरपीचं, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाचं, इंजेक्शन दिलं, निम्म्यांना नुसती सुई टोचली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक सापडला नाही. सोंगाचा गट नसता तर सगळं श्रेय पीआरपीला गेलं असतं.

आपल्याकडे हमखास होणारी आणखी एक चूक म्हणजे डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून "आता एकदम छान आहे" असं सांगणं. दुखणं मोजायच्या विसा-ए नावाच्या प्रश्नावलीत आठ प्रश्न असतात आणि १०० पैकी गुण मिळतात. सकाळी शीर किती वेळ आखडते, सपाट रस्त्यावर अर्धा तास चालल्यावर काही तासांत दुखतं का, असे साधे प्रश्न. उठल्यावर भिंत धरून चालावं लागत असेल तर तेच सांगा, दादा. बरं वाटलं म्हणून, किंवा केळीच्या कापणीत वेळ नाही म्हणून, शेवटच्या तपासणीला दांडी मारू नका. तुमच्या खऱ्या उत्तरावरच पुढच्या माणसाच्या पायाला चीर द्यायची की नाही, हे ठरणार आहे.

संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, प्रत जवळ ठेवा. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, ते त्यात पाहा. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला चाचणीचा क्रमांक विचारा. इंटरनेटवर तो कुणालाही फुकट तपासता येतो. मधूनच बाहेर पडायचा हक्क तुमचाच, त्याने नेहमीचे उपचार अडत नाहीत.

आणि मागून कुणी काठी हाणल्यासारखं होऊन 'कट्‌' आवाज आला, चवड्यावर उभंच राहता येईना, तर शीर तुटलेली असू शकते. चाचणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.