नळाला हात लावला की मुंग्या येतात? जुन्या घरात अर्थिंगच्या या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी मोरीतल्या नळाला हात लावला की आईच्या हाताला मुंग्या यायच्या आणि आम्ही महिनाभर ओल असेल म्हणून सोडून दिलं, ते सोडायला नको होतं. निघालं काय, तर वरच्या गिझरची कॉईल लीक, म्हणजे करंट बॉडीत उतरत होता, आणि त्याची अर्थची वायर (असा गळका करंट जमिनीत सोडणारी) कोणीतरी पूर्वी पाण्याच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपला गुंडाळलेली. तो पाईप सलग जमिनीत जायचा तोवर निभावलं, मग प्लंबरने चौकातला गंजका तुकडा कापून सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाईप) टाकला आणि त्या दिवसापासून घरातला सगळा लोखंडी पाईप अधांतरी, जमिनीशी संबंधच तुटला.

म्हणून पाईपला अर्थिंग द्यायचं, पाईपकडून घ्यायचं नाही. अर्थिंगचा खड्डा वेगळा हवा, आणि मेन बोर्डाच्या अर्थपट्टीपासून ६ स्क्वेअर एमएमची हिरवी तांब्याची वायर पाईप घरात शिरतो तिथे आणायची, रंग-गंज खरवडून क्लॅम्पने घट्ट बसवायची, नुसती गुंडाळली तर वर्षभरात सैल होते. मधे प्लास्टिक टाकलं असेल तर पलीकडच्या लांब लोखंडी तुकड्यालाही जोडा. सगळीच लाईन प्लास्टिकची असेल तर गरज नाही. गॅसच्या पाईपवरून अर्थ कधीच घेऊ नका.

सगळ्यात घातक जुगाड म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ जोडणं, कारण सॉकेटच्या मागे लाईनमध्ये कुठे न्यूट्रल तुटला की गिझरच्या बॉडीवर थेट २३० व्होल्ट येतात. आणि मल्टिमीटरवर हे पकडणं अवघड, फेज (करंट आणणारी वायर) ते अर्थ २३० आणि न्यूट्रल-अर्थ शून्य, सगळं छान दिसतं! मेन बंद करून वायरमनला सॉकेट उघडूनच बघायला सांगा.

एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना, असं बरेच जण म्हणतात. अर्थचा रेझिस्टन्स २० ओहम असेल तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअरच वाहणार, १६ चा एमसीबी पडणारच नाही. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पडणारा स्विच) लावाच, पण अर्थिंग नसेल तर तो बहुतेक वेळा माणसाला झटका बसतानाच पडतो, म्हणून दोन्ही हवं.

मुंग्या आल्या तर आधी मेन बंद, नळ नंतर. मग अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रेझिस्टन्स मोजून घ्या, ५ ओहमच्या आत आला तर चांगलं, आणि एप्रिल-मे मध्ये माती सुकते तेव्हा खड्ड्यात पाणी घालत जा.