समारंभाचे जेवण आणि न सोसणारे पदार्थ : या चुका टाळा

सणासमारंभाचे जेवण झाल्यावर पोट बिघडले किंवा अंगावर गांधी उठल्या, की दोष सहसा स्वयंपाक्याला, तेलाला किंवा ‘आज जरा जास्तच झाले’ या सबबीला दिला जातो. ज्यांना एखादा घटक सोसत नाही हे आधीपासून ठाऊक आहे, त्यांच्या बाबतीत मात्र चूक बहुधा जेवणाच्या बरीच आधी झालेली असते. काय चालत नाही हे त्यांना माहीत असते. किती चालत नाही, हे त्यांनी कधी नीट ठरवलेले नसते. कोणाला अर्धी वाटी चालते, कोणाला घासभरही चालत नाही, आणि कोणाला त्या पदार्थातून फिरवलेला चमचाही चालत नाही. पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न अनुत्तरित ठेवल्यामुळेच होतात.

सगळ्याच त्रासांना अ‍ॅलर्जी म्हणणे

अन्न न सोसण्याचे निदान तीन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. पहिला प्रकार पचनाचा. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे लॅक्टेज हे विकर कमी पडले की पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात. हा त्रास प्रमाणावर अवलंबून असतो. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, फारशी तक्रार न होता चालते, आणि ते जेवणासोबत घेतले तर अधिकच सोपे जाते. दुसरा प्रकार खऱ्या अ‍ॅलर्जीचा. तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणा दूध, अंडी, शेंगदाणे, मासे अशा पदार्थांतील प्रथिनांवर तुटून पडते, लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात, आणि अगदी अल्प अंशही धोक्याचा ठरू शकतो.

तिसरा प्रकार सीलिअ‍ॅक आजाराचा. यात गहू, बार्ली आणि राय यांतील ग्लूटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते, पण ती अनेकदा जेवणाच्या टेबलावर जाणवतच नाही. अशा बहुतेक रुग्णांसाठी दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन ही सुरक्षित मर्यादा मानली जाते. पावाच्या एका चकतीत साधारण २ ग्रॅम ग्लूटेन असते, म्हणजे त्या चकतीचा दोनशेवा भाग पोटात गेला तरी मर्यादा गाठली गेली. ‘मागच्या वेळी खाल्ले, काही झाले नाही’ हा युक्तिवाद या रुग्णांनी कधीही करू नये.

हा फरक न पाळल्याचा फटका दुसऱ्यांनाही बसतो. लॅक्टोज न पचणारी व्यक्ती यजमानांना ‘मला दुधाची अ‍ॅलर्जी आहे’ असे सांगते आणि जेवणाच्या शेवटी त्यांच्यादेखतच आइस्क्रीमची वाटी उचलते. तिचे काही बिघडत नाही. पण पुढच्या समारंभात ज्याला खरोखरच अ‍ॅलर्जी आहे, त्याचे म्हणणे त्या घरात कोणी फारसे मनावर घेत नाही.

यजमानांना उशिरा आणि मोघम सांगणे

भिडेपोटी लोक ही गोष्ट ताट वाढून पुढ्यात येईपर्यंत बोलत नाहीत. तोवर स्वयंपाक झालेला असतो, वेष्टने कचऱ्यात गेलेली असतात, आणि कशात काय पडले हे स्वयंपाक करणाऱ्यालाही खात्रीने सांगता येत नाही. योग्य वेळ आमंत्रण स्वीकारतानाची, खरेदी होण्याआधीची.

त्याहून मोठी अडचण मोघमपणाची आहे. ‘दुधाचे चालत नाही’ एवढेच ऐकून एखादे यजमान आपुलकीने लॅक्टोजमुक्त दूध आणतात. ज्याला लॅक्टोज पचत नाही त्याच्यासाठी ते उत्तम. दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यासाठी मात्र साध्या दुधाइतकेच घातक, कारण त्यातली साखर तेवढी विघटित केलेली असते, प्रथिने जशीच्या तशी राहतात. चहाकॉफीत घालायच्या ‘दूधविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पावडरींमध्येही केसिन हे दुधाचे प्रथिन असते. ‘गहू नको’ म्हटल्यावर पाव आणि केक बाजूला ठेवले जातात, पण सूप दाट करायला लावलेला मैदा आणि गहू घालून बनवलेला सोया सॉस कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून निरोपात तीन गोष्टी असाव्यात : घटक, प्रमाण आणि स्पर्श. उदाहरणार्थ, ‘मला काजू आणि पिस्त्याची अ‍ॅलर्जी आहे. अगदी थोडे पोटात गेले तरी श्वासाला त्रास होतो, त्यामुळे ते घातलेल्या पदार्थाचा चमचाही दुसऱ्या भांड्यात गेलेला चालणार नाही. मी माझ्यापुरता एक पदार्थ घेऊन येईन. आपण फक्त गोडाच्या पाकिटांवरचे लेबल जपून ठेवा.’ (काजू आणि पिस्ता एकत्र लिहिण्याला कारण आहे. त्यांची प्रथिने इतकी सारखी असतात, की एकाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला बहुधा दुसऱ्याचीही असते.) याउलट, ज्याला केवळ प्रमाणाचा प्रश्न आहे त्याने तसेच सांगावे : ‘दूध थोडे चालते, माझ्यासाठी वेगळे काही करू नका.’ यजमानांचा अर्धा ताण या एका वाक्याने उतरतो.

फोडी काढल्या, रस्सा घेतला

ताटात आलेल्या पदार्थातून नकोसा घटक वेचून बाजूला काढणे ही सर्वांत सर्रास होणारी आणि सर्वांत फसवी चूक आहे. कांदा-लसूण सोसत नाही असे म्हणणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात त्यांतील फ्रुक्टन या कर्बोदकाचा त्रास होत असतो. फ्रुक्टन पाण्यात विरघळते. वाटीतल्या दाट रश्श्यातून कांद्याची प्रत्येक पाकळी चमच्याने काठावर ओढून ठेवली, तरी ती पाकळी शिजताना तिच्यातले फ्रुक्टन रश्श्यात उतरलेले असते. काठावर राहतो तो चोथा आणि पोटात जाते ते नको असलेले. तेच फ्रुक्टन तेलात मात्र विरघळत नाही, त्यामुळे अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या आणि मग त्या तेलात पाण्याचा अंश असलेले इतर जिन्नस घातले, तर लसणाचा स्वाद मिळतो आणि त्रास टळतो. मात्र ही युक्ती लसणाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी वापरू नये. तिथे कारणच वेगळे आहे.

अ‍ॅलर्जीच्या बाबतीत वेचण्याला काहीच अर्थ नाही. केकवरचे अक्रोड काढले तरी त्यांचे कण आणि तेल मलईवर राहतात. तळणीचे तेल समाईक असेल तर पिठात घोळवलेले मासे आणि नुसते बटाटे यांच्यातला भेद त्या कढईत संपलेला असतो, आणि ‘एवढ्या उकळत्या तेलात काय शिल्लक राहणार’ हा समज चुकीचा आहे, कारण अ‍ॅलर्जी करणारी बरीच प्रथिने उष्णतेने निष्प्रभ होत नाहीत. ग्लूटेनचेही तसेच.

स्वतः वाढून घेण्याच्या जेवणात धोका चमच्यांचा असतो. सुरुवातीला प्रत्येक भांड्यात आपापला चमचा असतो. अर्ध्या तासाने सॅलडमधला चिमटा मिठाईत आणि मिठाईतला चमचा भातात दिसतो. त्यावर सर्वांत साधा तोडगा म्हणजे अशा पाहुण्याने सगळ्यांच्या आधी वाढून घेणे, आणि दुसऱ्यांदा लागेल तेवढे त्याच वेळी झाकून ठेवणे. यात संकोचण्यासारखे काहीही नाही. हात पुसण्याबद्दलही एक गैरसमज आहे : सॅनिटायझरच्या जेलने हातावरचे शेंगदाण्याचे प्रथिन निघत नाही; साबण आणि पाणीच लागते.

थोडे थोडे सगळेच घेणे

ज्यांचा त्रास प्रमाणावर अवलंबून आहे ते प्रत्येक पदार्थ चमचाभर घेऊन स्वतःला संयमी समजतात. पण पोट पदार्थांची नावे मोजत नाही, घटकांची बेरीज करते. सूपमधला कांदा, पावातला गहू, सॅलडमधले सफरचंद आणि शेवटचे आइस्क्रीम हे एकेकटे निभावले असते. एकाच जेवणात ते एकत्र आले की मर्यादा ओलांडली जाते. दोन आवडीचे पदार्थ निवडून ते मनसोक्त खाणे आणि बाकीचे सोडणे, हे दहा पदार्थ चाखण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे. संध्याकाळच्या मेजवानीसाठी दिवसभर उपाशी राहणेही टाळावे. एकदम भरलेले, तेलकट जेवण नाजूक आतड्याला सर्वांत जास्त बाधते.

मद्य, जेवणाच्या आगेमागे केलेला जोराचा व्यायाम किंवा नाच, अपुरी झोप, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि ताप यांमुळे एरवी सोसणाऱ्या प्रमाणातही अ‍ॅलर्जी उफाळू शकते. गव्हाच्या अ‍ॅलर्जीचा एक प्रकार तर असा आहे, की नुसता गहू खाऊन काही होत नाही, खाल्ल्यावर श्रम केले तरच होते.

गोळीच्या भरवशावर जेवणे

लॅक्टेजची गोळी उपयोगी आहे, पण ती पहिल्या घासासोबत घ्यावी लागते. कळा सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि दुधाच्या अ‍ॅलर्जीवर तर तिचा काहीच परिणाम होत नाही. ग्लूटेन ‘पचवणाऱ्या’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या सीलिअ‍ॅक रुग्णांच्या पथ्याची जागा घेऊ शकत नाहीत. जेवणाआधी अँटिहिस्टामिन (अ‍ॅलर्जीची लक्षणे दाबणारी गोळी) घेऊन बिनधास्त बसणे हे सगळ्यांत वाईट, कारण खाज आणि गांधी या पहिल्या इशाऱ्याच्या खुणा त्या गोळीने झाकल्या जातात आणि खालची गंभीर प्रतिक्रिया मात्र थांबत नाही.

यजमानांच्या हातून होणाऱ्या चुका

‘एवढ्याशाने काही होत नाही’ हा आग्रह प्रेमाचाच असतो, पण तो करणाऱ्याला प्रमाणाबद्दल काहीही ठाऊक नसते. न सांगता घटक घालून ‘बघा, काही झाले का?’ असे पाहणे हा निव्वळ अपराध आहे. बाकी करण्यासारखे अगदी साधे आहे : पथ्याचा पदार्थ स्वच्छ भांड्यांत सर्वांत आधी शिजवून झाकून ठेवावा, पाकिटांची वेष्टने पाहुणे जाईपर्यंत टाकू नयेत, आणि ‘यात अमुक नाही ना?’ या प्रश्नाला खात्री नसेल तर ‘माहीत नाही’ असेच उत्तर द्यावे. अंदाजाने दिलेल्या ‘नाही’पेक्षा ते कितीतरी उपकारक असते.

त्रास सुरू झालाच तर

ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, चक्कर येणे, अंगभर गांधींसोबत वारंवार उलट्या होणे, ही अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीची, लक्षणे असू शकतात. येथे पहिले औषध अ‍ॅड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत टोचायचे असते. ज्यांना डॉक्टरांनी ते दिलेले आहे त्यांनी ते कोटाच्या किंवा गाडीच्या कप्प्यात न ठेवता अंगाजवळ ठेवावे आणि सोबतच्या एकाला तरी ते कुठे आहे हे सांगून ठेवावे. टोचल्यावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला पाय उंच करून आडवे ठेवावे (दम लागत असेल तर बसवावे), आणि उठवून चालवू नये. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरी मात्रा द्यावी लागते. बरे वाटले तरी रुग्णालयात जायचेच, कारण काही तासांनी प्रतिक्रिया पुन्हा उसळू शकते. एक चूक येथे विशेष घातक ठरते : चारचौघांत लाज वाटते म्हणून माणूस उठून एकटाच स्वच्छतागृहात जातो आणि आतून कडी लावतो. त्याच्यामागे कोणीतरी गेलेच पाहिजे.

त्रास केवळ पोटाचा असेल तर घाईचे काही नसते. पाणी, विश्रांती आणि दुसऱ्या दिवशी साधे जेवण पुरते. मात्र त्याच रात्री काय खाल्ले, किती वाजता, आणि लक्षण किती वेळाने आले, हे टिपून ठेवावे. वीस मिनिटांत उठलेल्या गांधी आणि सहा तासांनी फुगलेले पोट डॉक्टरांना अगदी वेगळ्या दिशेने नेतात. त्याऐवजी अनेक जण शेकडो पदार्थांची आयजीजी (रक्तातील एका प्रकारची प्रतिद्रव्ये मोजणारी) रक्तचाचणी करून घेतात. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच या चाचणीवरून निदान करू नये असे स्पष्ट केले आहे, कारण ही प्रतिद्रव्ये बहुतांशी तो पदार्थ आपण खात आलो आहोत एवढेच दाखवतात. आणि एखाद्या समारंभानंतर गव्हावर संशय आला, तर तो परस्पर बंद करू नये : सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी ग्लूटेन आहारात चालू असतानाच करावी लागते, आधीच सोडले तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो, आणि मग खात्री करण्यासाठी तेच ग्लूटेन पुन्हा काही आठवडे खावे लागते.