नऊ पुस्तकं, साक्षीदार एक: इतिहासातला दावा कसा तपासावा

मामाने गेल्या महिन्यात घरच्या गटावर एक मजकूर टाकला. तानाजी मालुसरे पडले, महाराज म्हणाले ‘गड आला पण सिंह गेला’, आणि तेव्हापासून कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं. खाली शेपूट: ‘सर्व इतिहासकारांना मान्य.’ ही शेपूट दिसली की माझा हात वहीकडे जातो.

इतिहास कसा तपासावा यावर फुकटचे सल्ले भरपूर मिळतात. दोन्ही बाजू वाचा. खूप वाचा. निष्पक्ष राहा. मला हे तिन्ही सल्ले निरुपयोगी वाटतात. दोन्ही बाजूंनी एकाच जुन्या पुस्तकातून उतरवलेलं असू शकतं. खूप वाचणारा तीच चूक खूप वेळा वाचतो आणि शेवटी ती त्याला पाठ होते. आणि स्वतःला निष्पक्ष न समजणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्यापेक्षा कागद आणि पेन्सिल घ्या. उदाहरणाला मामाचाच मजकूर घेऊ.

पहिली पायरी: दाव्याचे तुकडे करा

‘सिंहगडाची गोष्ट खरी की खोटी?’ हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण ती एक गोष्ट नाही. गड माघ वद्य नवमीला घेतला, हा एक दावा. तानाजी त्या लढाईत पडले, हा दुसरा. महाराज ते प्रसिद्ध वाक्य बोलले, हा तिसरा. त्यावरून गडाला नाव पडलं, हा चौथा. यशवंती घोरपड लावून मावळे कडा चढले, हा पाचवा. प्रत्येकाचा पुरावा वेगळा. एक पडला म्हणून बाकीचे पडत नाहीत, आणि एक टिकला म्हणून बाकीच्यांना आयतं बळ मिळत नाही. भांडणं होतात ती बहुतेक इथेच: एक जण घोरपड नाकारतो आणि दुसऱ्याला वाटतं, हा तानाजीच नाकारतोय.

दुसरी पायरी: प्रत्येक तुकड्यासाठी सर्वांत जुना कागद शोधा

शिवकाळासाठी पत्रसारसंग्रहात पत्रं तारखेच्या क्रमाने लावलेली आहेत, तिथून सुरुवात करा. मग इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी छापलेल्या जुन्या कागदांचे २२ खंड. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळ आहेच. यातलं बरंचसं आता इंटरनेटवरही सापडतं. मोडी येत नसली तरी बिघडत नाही, छापील साधनं बहुतेक देवनागरीत आहेत.

तिसरी पायरी: तारीख स्वतः काढा

दुसऱ्याने काढलेल्या इसवी तारखेवर विसंबू नका. शकात ७८ मिळवायचे हे शाळेत शिकवतात. पौषाच्या मध्यानंतर ७९ मिळवायचे, हे मात्र राहून जातं. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. सरळ ७८ मिळवले तर १६२९ येतं आणि वर्ष चुकतं. फाल्गुन शकाच्या शेवटी येतो, तोवर इंग्रजी वर्ष पालटलेलं असतं, म्हणून १६३०. सिंहगडाचंही तसंच: माघ, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७०. पत्रावर ‘सलास सितैन अलफ’ असं काही दिसलं तर घाबरू नका. ही अरबी शब्दांत लिहिलेली वर्षगणना, शुहूर सन. तीन, साठ, हजार: १०६३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण ते वर्ष मृगाच्या सुमाराला बदलतं.

तिथीबरोबर वार दिलेला असेल तर आणखी मजा. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे देशमुखांच्या घरच्या तारीखवार टाचणांत, शिवजन्माचा वार शुक्रवार आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची. दहा दिवस पुढे सरकवली की आजच्या पद्धतीने १ मार्च होते. आपल्या कॅलेंडरमधले वार दर ४०० वर्षांनी जसेच्या तसे परत येतात. तेव्हा मोबाइलवर १ मार्च २०३० उघडा. शुक्रवार! मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा बायकोला झोपेतून उठवून दाखवलं होतं.

चौथी पायरी: पुराव्यांची वंशावळ काढा

इथे मात्र थांबा. सगळे आपटतात ते इथेच, आणि मीही इथेच आपटलो होतो.

पंधरा वर्षांपूर्वी एका छोट्या दिवाळी अंकासाठी मी गडांच्या नावांवर लेख लिहिला. सिंहगडाचं नाव तानाजींच्या मृत्यूवरून पडलं असं त्यात ठासून लिहिलं आणि खाली नऊ पुस्तकांचे आधार दिले. नऊ! मला कोण अभिमान वाटला होता. अंक निघाल्यावर ओळखीच्या एका मोडीवाचक काकांना नेऊन दिला. त्यांनी यादीवरून नजर फिरवली आणि एवढंच विचारलं, “या नऊ जणांना कुणी सांगितलं?”

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन जमिनीवर नऊही पुस्तकं पसरली. मोठ्या कागदावर प्रत्येकाचं नाव, लिहिल्याचं वर्ष आणि त्याने कुणाचा आधार घेतला ते लिहिलं, आणि बाण काढायला सुरुवात केली. चार पुस्तकांत आधारच नव्हता. तीन एकमेकांकडे बोट दाखवत होती. उरलेली दोन एकाच मजकुरापाशी पोचली, आणि तो मजकूर प्रसंगानंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेला. म्हणजे माझ्याकडे नऊ साक्षीदार कधीच नव्हते. एक होता, तोही लढाईनंतर तीन-चार पिढ्यांनी जन्मलेला.

आणि त्या एका साक्षीदारालाही उलथवणारा कागद आधीपासून छापील साधनांत पडून होता. शिवाजी महाराजांच्या एप्रिल १६६३ च्या पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आलेलं आहे. तानाजी पडले १६७० मध्ये. मृत्यूच्या सात वर्षं आधी नाव वापरात असेल तर ते मृत्यूवरून पडलेलं नाही. विषय संपला. अस्सल कागदाचं एक चिटोरं सगळ्या बखरींच्या बहुमताला भारी पडतं, असं राजवाडे म्हणायचे. मी ते वाक्य भाषणांत कितीदा तरी ऐकलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. स्वतःच्या लेखाला लावून पाहायचं मात्र सुचलं नव्हतं.

तेव्हा बाण काढा. डोक्यात नको, कागदावर. डोक्यात सगळी पुस्तकं स्वतंत्र वाटतात.

आधारच दिलेला नसेल तर कोणी कुणाचं उतरवलं ते कसं ओळखायचं? परीक्षेत कॉपी पकडणारे मास्तर करतात तसं. दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी आली तर काहीच सिद्ध होत नाही. चूक सारखी आली की दोघांना उभं करायचं. दोन पुस्तकांत एकच चुकीचं वर्ष, नावांचा तोच क्रम, एखाद्या गावाचं तेच विचित्र शुद्धलेखन, किंवा दोघांनी गाळलेला तोच प्रसंग दिसला, तर त्यांना दोन मोजू नका. बरोबर माहिती दोघांकडे वेगवेगळ्या वाटेने येऊ शकते, तीच चूक सहसा येत नाही.

बखरींच्या बाबतीत तर हे डोळ्यांत तेल घालून पाहा. सभासदाची बखर राजाराम महाराजांसाठी जिंजीला, महाराजांच्या निधनानंतर वीस वर्षांच्या आत लिहिली गेली. चित्रगुप्ताची बखर त्यानंतर कित्येक दशकांनी आली, आणि तिचा मोठा भाग म्हणजे वाढवलेला सभासदच. ‘सभासद आणि चित्रगुप्त दोघेही सांगतात’ असं लिहिणाऱ्याने एकच माणूस दोनदा मोजला आहे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. शिवकाळापासून ती जितकी लांब, जवळपास तितकेच आपण लोकमान्यांच्या केसरीच्या पहिल्या अंकापासून लांब आहोत.

तिसऱ्या तुकड्याचंही पाहा. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या तोंडी जे आहे त्याचा अर्थ एक गड घेतला पण एक गड गेला, असा. सिंह तिथे नाही. सिंह पुढे आला, आणि ह. ना. आपट्यांच्या कादंबरीच्या नावामुळे तो घराघरांत पोचला. घोरपडीचंही तसंच. सभासद सांगतो की दोन निवडक मावळे वानरांसारखे कड्यावरून चढले. घोरपड पोवाड्यातली. पोवाडा ऐकायला मला अतिशय आवडतो, पण तो ऐकून कडा चढायची पद्धत ठरवत नाहीत.

आता उलट बाजू, नाहीतर तुम्ही सगळ्यावरच संशय घेत सुटाल. (नव्याने बाण काढायला शिकलेला माणूस काही महिने असह्य होतो. मी झालो होतो.) वंशावळ काढताना कधी कधी बाण जुळतच नाहीत, आणि तेव्हाच खरा पुरावा हाती आलेला असतो. शिवजन्माची तारीख घ्या. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली छापेपर्यंत शके १५४९ चालत होतं, बखरींचं पाठबळ त्यालाच होतं. शकावली म्हणाली १५५१. एकटा कागद, म्हणून लोक अडले. पुढे तंजावरला कवींद्र परमानंदाचं संस्कृत शिवभारत मिळालं. त्यात शक अंकांऐवजी शब्दांत आहे: भू, बाण, प्राण, चंद्र. एक, पाच, पाच, एक. असे अंक उजवीकडून वाचायचे असतात, पण हा शक कुठूनही वाचला तरी तोच. शिवाय जोधपूरला सापडलेल्या कुंडल्यांत महाराजांची कुंडली होती, तीही याच तिथीची. आता बाण काढून पाहा. मावळातल्या देशमुखांच्या घरची टाचणं, दरबारी कवीचं काव्य, राजस्थानातल्या ज्योतिषाचा संग्रह. कुणी कुणाचं उतरवलं म्हणायचं? हे तीन खरे तीन आहेत, आणि म्हणून ते बखरींच्या गर्दीला पुरून उरले.

एक फसवा आक्षेप नेहमी येतो, तोही इथेच निपटून टाकतो. ‘१६६५ च्या पुरंदरच्या तहात कोंढाणाच लिहिलंय, मग १६६३ मध्ये सिंहगड कसा?’ तह मोगलांशी झालेला, मोगल जुनंच नाव वापरत राहिले. मुंबईत स्टेशनचं नाव बदलून किती वर्षं झाली, आणि टॅक्सीवाल्याला आपण अजून ‘व्हीटी’च सांगतो. जुनं नाव सापडलं म्हणजे नवं नव्हतं असं होत नाही. नवं सापडलं म्हणजे मात्र ते होतंच.

पाचवी पायरी: लिहिणाऱ्याला काय मिळणार होतं ते बघा

हा प्रश्न सगळे विचारतात, पण अख्ख्या कागदाला एकदम विचारतात. तो ओळीओळीला विचारायचा असतो. जेधे हे कारीचे देशमुख. वतनाच्या भांडणांत महजर (निवाड्याचे कागद), करीना (हकिकतीचे कागद) असले कागद पुढे करावे लागत आणि त्यांत बनावटही भरपूर चाले. म्हणून जेध्यांच्या कागदांत जेध्यांचा पराक्रम वाचताना हात जरा आखडता घ्यावा. पण राजाचा जन्म दोन वर्षं पुढे ढकलून त्यांचं वतन वाढणार होतं का? नाही. तिथे त्यांचं ऐका. इंग्रजांचा हेन्री ऑक्झिंडन १६७४ च्या राज्याभिषेकाला रायगडावर होता. तो आला होता व्यापाराच्या सवलतींचा तह करायला. त्याने डोळ्यांनी काय पाहिलं ते घ्या, मराठ्यांच्या मनात काय चाललं होतं याबद्दलचे त्याचे अंदाज बाजूला ठेवा.

चित्रांना हाच नियम जास्त कडक लावा. वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून देईपर्यंत इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून बिनदिक्कत छापलं जात होतं.

सहावी पायरी: निकाल तुकड्यांवर लिहा

खात्रीचं, शक्य, पुरावा नाही, खोटं. चार रकाने पुरतात. सिंहगडाचा माझा कागद असा: माघ वद्य नवमी, खात्रीचं. तानाजी पडले, खात्रीचं. ते वाक्य, पुरावा नाही. त्यावरून नाव, खोटं. घोरपड, पुरावा नाही. घोरपडीपुढे मी ‘खोटं’ लिहीत नाही, कारण ती नव्हती असं सांगणाराही कुणी नाही.

हे सगळं मी मामाला गटावर न लिहिता फोन करून सांगितलं. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत दुरुस्त करू नये, एवढं मला त्या मोडीवाल्या काकांकडून कळलंय. मामाने शांतपणे ऐकलं. मी १६६३ च्या पत्राशी आलो तेव्हा म्हणाला, “असं होय! मग तानाजीचं महत्त्व कमी होतं का रे?” मी म्हटलं, अजिबात नाही, ते दोन तुकडे वेगळे आहेत. त्याला ते पटलं. मजकूर त्याने काढून टाकला.

चौथ्या दिवशी घोरपड गटावर पुन्हा चढली. या वेळी मामेभावाकडून, व्हिडिओसकट.