छोट्या टाउनमधे जॉब मिळालाय? आधी पत्ता तपासा

परदेशात नवीन येणाऱ्यांचा एक प्रश्न कायम येतो, दादा छोट्या टाउनमधे ऑफर आहे, घेऊ का? मी उलटा विचारतो, छोटं म्हणजे कुणाच्या हिशोबाने? डेन्मार्क, स्वीडनमधे 200 माणसं असली आणि घरं एकमेकांपासून 200 मीटरच्या आत असली की झाली ती शहरी वस्ती. आपल्या जनगणनेत 5,000 लोकं लागतात, वर चौरस किलोमीटरला 400 माणसं आणि 75 टक्के कामकरी पुरुष शेतीबाहेरचे. जपानमधे 'शी', म्हणजे शहर, व्हायला नियमाने 50,000 लागतात. ब्रिटनमधे तर आकड्याचा संबंधच नाही, सिटीचा मान राजघराण्याकडून मिळतो, म्हणून दोन हजारही वस्ती नसलेलं सेंट डेव्हिड्स सिटी आणि दीड लाखाच्या वरचं रेडिंग अजून टाउनच!

पण हे सगळं गप्पांपुरतं. तुमचं भवितव्य ठरवते ती व्हिसावाल्यांची व्याख्या आणि ती भलतीच असते. ऑस्ट्रेलियात सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकी सगळं व्हिसाच्या हिशोबाने 'रीजनल' (मोठ्या शहरांबाहेरचं), अगदी वीस लाखांचं पर्थसुद्धा. 491 हा अशा भागांसाठीचा तात्पुरता व्हिसा, त्यावर 5 वर्षं मिळतात, पण राहणं, काम, शिक्षण सगळं रीजनल भागातच करायचं. गोल्ड कोस्ट रीजनल आहे, तिथून तासाभरावरचं ब्रिस्बेन नाही. ओळखीतल्या एकाने घर गोल्ड कोस्टला घेतलं आणि नोकरी ब्रिस्बेनला धरली, म्हणाला राहतोय ना इथे, मग काय प्रॉब्लेम, आणि पुढे पीआरचे (कायमच्या वास्तव्याचे) कागद जमवताना पे स्लिपवरचा ऑफिसचा पत्ता बघून त्याला घाम फुटला. तेव्हा ऑफर लेटर आलं की पगाराआधी पोस्टकोड बघायचा, घराचा आणि ऑफिसचा, दोन्ही.

कॅनडात गणित अजून वेगळं. 2019 च्या रूरल पायलटमधे (छोट्या गावांतल्या नोकरीवरून पीआर देणारी प्रायोगिक योजना) 50,000 पर्यंतचं आणि मोठ्या शहरापासून निदान 75 किलोमीटर लांबचं गाव चालायचं, फारच दुर्गम असेल तर 2 लाखांपर्यंत. 2025 ला नवीन पायलट आला त्यात 14 ठिकाणं, पण तिथली कुठलीही नोकरी चालत नाही, मालक योजनेने मान्य केलेल्यांच्या यादीतला हवा आणि तिथल्या संस्थेची शिफारसही लागते. सही करायच्या आधी मालकाला हे सरळ विचारा, लाजू नका.

आणि 'सरकार छोट्या गावांना मदत करतं' हे ऐकून हुरळून जाऊ नका. फ्रान्सने 2020 ला 20,000 च्या आतल्या गावांसाठी मोठी योजना काढली, पण ते पैसे नगरपालिकेला, बाजारपेठ आणि जुन्या इमारती सावरायला, तुमच्या खिशात काही येत नाही (रस्ते चांगले मिळतील एवढंच). अमेरिकेत मात्र कृषी खात्याचं रूरल होम लोन डाउन पेमेंटशिवाय मिळतं, उत्पन्नाची मर्यादा असते आणि घर पात्र भागात आहे का ते सरकारी नकाशावर पत्ता टाकून कळतं. फक्त नुसत्या वर्क व्हिसावर ते नाही, निदान ग्रीन कार्ड लागतं.

बाकी भाडेकरार आणि लाइटबिल पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या नावावर घ्या, मित्राच्या नावावर राहिलात तर तीन वर्षांनी तुम्ही तिथे होतात हे दाखवायला हातात काहीच नसतं.