बुडालेल्या बँकेचं दप्तर कसं वाचावं

अमेरिकेतल्या आयोवा-नेब्रास्का राज्यांच्या लहान गावांतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत बँकांची पासबुकं, कोरे चेक आणि क्वचित रिसीव्हरनं, म्हणजे बुडालेल्या बँकेचा कारभार गुंडाळायला नेमलेल्या माणसानं, ठेवीदाराला दिलेलं प्रमाणपत्र सापडतं. काचेखाली चौकट करून लावायला लोक ती घेतात. मला ती वाचायला आवडतात. माझी नोकरी सहकार खात्यात लेखापरीक्षणात गेली आणि अवसायनात निघालेल्या संस्थांची दप्तरं मी पुष्कळ पाहिली. मुलीकडे आयोवात आल्यावर कळलं की देश बदलला तरी दप्तर साधारण तेच बोलतं. असा एखादा कागद तुमच्या हाती आला, तर त्यामागची बँक कशी बुडाली आणि पैसे कोणाला, कधी मिळाले हे शोधायची माझी रीत सांगते.

आधी नाव नीट वाचा. नावात ‘नॅशनल’ असेल तर बँकेची सनद वॉशिंग्टनची आणि रिसीव्हर नेमणारा अधिकारी कम्प्ट्रोलर ऑफ द करन्सी, म्हणजे नॅशनल बँकांवर देखरेख करणारा केंद्र सरकारचा अधिकारी. नसेल तर ती राज्याची बँक. मग राज्याचा बँकिंग सुपरिंटेंडेंट आणि काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं) कोर्ट यांच्याकडे जा. एकाच गावात फर्स्ट नॅशनल आणि सेव्हिंग्ज बँक अशा दोन्ही पाट्या असायच्या, कधी संचालकही तेच, त्यामुळे इथे गल्लत झाली तर पुढचं सगळं चुकीच्या बँकेचं निघेल. नॅशनल बँकेला सनद क्रमांक असतो, तो टिपून ठेवा. त्या काळी या बँका स्वतःच्या नावाच्या नोटाही काढत आणि त्यांवर हा क्रमांक छापलेला असे. नोटांना सरकारी रोख्यांचं तारण होतं. म्हणजे बँक बुडाली तरी तिची नोट खणखणीत चालायची, आणि त्याच बँकेतली ठेव मात्र अडकायची!

मग तारीख. इथे लोक सरसकट ‘मंदीत बुडाली’ म्हणतात, पण शेतीच्या पट्ट्यात मंदी १९२९ ची वाट बघत थांबली नव्हती. पहिल्या महायुद्धात धान्याला भाव आला, जमिनी चढल्या, त्या चढ्या भावावर कर्जं वाटली गेली. आयोवात १९२० साली एकराला सरासरी अडीचशे डॉलरच्या आसपास असलेली जमीन १९३३ पर्यंत सत्तरच्या खाली आली. १९२० च्या दशकातच अमेरिकेत पाच हजारांहून जास्त बँका बंद पडल्या, बहुतेक लहान गावांतल्या. १९३० ते १९३३ मध्ये आणखी सुमारे नऊ हजार.

६ मार्च १९३३ ही तारीख कागदावर लाल पेन्सिलीनं मारा. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं त्या दिवशी देशभरच्या बँकांना सुट्टी दिली. १३ मार्चपासून तपासून, परवाना देऊन त्या टप्प्याटप्प्यानं उघडल्या. परवाना न मिळालेल्या अनेक नॅशनल बँकांवर आधी कॉन्झर्व्हेटर, म्हणजे तात्पुरता सांभाळ करणारा अधिकारी बसला, रिसीव्हर नंतर आला. म्हणून दारं बंद झाल्याचा दिवस आणि रिसीव्हर नेमल्याचा दिवस या दोन तारखा वेगळ्या लिहा, मधे कित्येक महिने जाऊ शकतात.

आता खरा रस. बँकांना आपली स्थिती दाखवणारं पत्रक गावच्या वर्तमानपत्रात छापावं लागे. काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या संग्रहात बरीच जुनी पत्रं फुकट वाचता येतात. नाहीतर गावच्या वाचनालयात मायक्रोफिल्म असते. बुडण्याआधीची तीन-चार पत्रकं शेजारी शेजारी ठेवा. ठेवी घटताहेत का, हे सगळेच बघतात. तुम्ही ‘बिल्स पेएबल’ आणि ‘रिडिस्काउंट्स’ या ओळी बघा. म्हणजे बँकेनं स्वतः मोठ्या शहरातल्या बँकेकडून किंवा फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेकडून काढलेलं कर्ज. ते देताना वरची बँक कर्जदारांच्या चांगल्यातल्या चांगल्या वचनचिठ्ठ्या तारण म्हणून उचलून नेते. हा आकडा फुगत गेला की समजायचं, उद्या रिसीव्हर तिजोरी उघडेल तेव्हा चोथा उरलेला असेल. सरकारी ठेवींसाठी गहाण टाकलेले रोखेही असेच हाताबाहेरचे. शिवाय ‘अदर रिअल इस्टेट’ ही ओळ वाढत असेल तर बँक कर्जाच्या बदल्यात शेतं ताब्यात घेत होती, आणि ती शेतं घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं.

गावकथेत कॅशियर (अशा लहान बँकेचा रोजचा कारभारी) हटकून चोर असतो. कोर्टाच्या नोंदवहीत त्याच्यावर खटला सापडला तर जरूर लिहा. नाही सापडला तर बिचाऱ्याला सोडा. १९३२ च्या शेवटी मक्याचा भाव इतका पडला की लोक कोळशाऐवजी मका जाळत होते. तिथे कर्जाचा हप्ता कोण भरणार आणि वसुली कशी होणार?

रिसीव्हरचं काम पुढच्या कागदांत दिसतं. तो येणी तीन गठ्ठ्यांत वाटतो: चांगली, संशयित, बुडीत. ठेवीदारांकडून दावे मागवतो, पटलेल्या दाव्याचं प्रमाणपत्र देतो. एखाद्याची ठेव आणि कर्ज दोन्ही त्याच बँकेत असेल तर ठेव कर्जातून वजा होते. दाव्यांच्या यादीत ओळखीचा बडा शेतकरी दिसला नाही की आधी हीच शक्यता तपासा.

आपल्याकडच्या वाचकाला चकित करणारी गोष्ट भागधारकांची. त्या काळच्या नॅशनल बँकेत शंभर डॉलरचा शेअर असेल तर बँक बुडाल्यावर शेअर तर गेलाच, वर दर्शनी किमतीइतके आणखी शंभरपर्यंत खिशातून भरायची जबाबदारी. कोर्टात रिसीव्हरनं गावातल्या डॉक्टरवर, विधवांवर लावलेले दावे दिसतात ते यामुळेच, त्यांनी लबाडी केली म्हणून नव्हे. ही दुहेरी जबाबदारी १९३३ च्या कायद्यानं नव्या शेअरवरून काढली आणि १९३५ च्या कायद्यानं जुन्यांनाही त्यातून सुटण्याची वाट करून दिली.

ठेवीदाराला पैसे हप्त्यांनी मिळत. कागदावर त्याला ‘डिव्हिडंड’ म्हटलेलं असेल, नफ्याशी त्याचा संबंध नाही. नॅशनल बँकांचे हे हप्ते कम्प्ट्रोलरच्या वार्षिक अहवालांत सापडतात. सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या ‘फ्रेझर’ या संकेतस्थळावर ते आहेत. सनद क्रमांक आणि गाव यांवरून शोधा. एकच अहवाल बघून थांबू नका, लागोपाठच्या वर्षांचे बघा आणि प्रत्येक हप्त्यासमोर वर्ष लिहा. बहुतेकांचा आळस इथेच होतो. ‘ठेवीदारांना साठ टक्के मिळाले’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. समजा एका बाईचे आठशे डॉलर अडकले. १९३२ मध्ये दहा टक्के, १९३४ मध्ये तीस, १९३८ मध्ये वीस. बेरीज साठच, म्हणजे चारशे ऐंशी डॉलर, पण पहिली दोन वर्षं तिच्या हातात ऐंशी डॉलर होते आणि तिची जमीन त्याच वर्षांत लिलावात निघू शकत होती. मधेच एखादा हप्ता एकदम मोठा दिसला तर रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशनचं कर्ज शोधा. १९३२ साली निघालेल्या या सरकारी महामंडळानं बंद बँकांच्या येण्यांवर कर्ज दिलं, त्यातून वसुलीआधीच वाटप झालं.

१९३४ च्या आधी बुडालेल्या बँकेत विम्याचं शोधत बसू नका. ठेवींचा संघीय विमा १ जानेवारी १९३४ ला सुरू झाला, अडीच हजार डॉलरपर्यंत. नेब्रास्कासारख्या काही राज्यांनी आधी हमी निधी काढले होते, ते १९३० पर्यंत स्वतःच कोसळले. आपल्याकडेही क्रम तोच. १९६० मध्ये आमच्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, मग १९६२ पासून दीड हजार रुपयांपर्यंत विमा आला.

शेवटी कोर्टात उरलेल्या मालमत्तेच्या विक्रीच्या आदेशाची प्रत मागा. राज्याच्या बँकेचा आदेश काउंटीच्या कोर्टात मिळण्याचा संभव जास्त. नॅशनल बँकेसाठी फेडरल कोर्टाचे कागद आणि राष्ट्रीय अभिलेखागारातला रेकॉर्ड ग्रुप १०१. आदेशाला जोडलेली यादी ओळीओळीनं वाचा: कोणाची वचनचिठ्ठी, मुद्दल किती, लिलावात काय आलं. पासबुकावरचं आडनाव याही यादीत आहे का ते बघा. असेल तर तुमचा ठेवीदार कर्जदारही होता, आणि वर काढलेला त्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.