मुंबईत व्हॉलीबॉल खेळायचंय, मग कॉलेज निवडताना काय बघायचं (माझा अनुभव)

माझी दहावी झाली तेव्हा घरात एकच विषय होता, टक्के किती आणि कट-ऑफ किती. मी शाळेकडून तीन वर्षं व्हॉलीबॉल खेळत होते, जिल्हा जिंकून विभागापर्यंत गेले होते, पण कॉलेज निवडताना खेळाचाही विचार करायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मोठ्या नावाचं कॉलेज लागलं, आईने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. प्रॉस्पेक्टसमध्ये गर्ल्स टीमचा फोटो होता, जिमखान्याच्या बाहेर ट्रॉफ्यांचं कपाट होतं, तेवढं बघून मला वाटलं की झालं आपलं काम. जुलैमध्ये नाव द्यायला गेले तर तिथले काका म्हणाले, "स्पर्धा जवळ आली की नोटीस लागेल, तेव्हा ये." नोटीस लागली ती स्पर्धेच्या अकरा दिवस आधी. बारा मुली कशाबशा गोळा झाल्या, त्यातल्या चार जणी थ्रोबॉलच्या, बॉल पकडायची सवय असलेल्या, आणि पहिल्याच मॅचला हरून आम्ही घरी. बारावीलाही तेच. दोन वर्षांत माझा सेट (स्मॅश मारणारीसाठी बॉल बोटांनी वर उडवून देणं) जेवढा बिघडला तो परत बसवायला डिग्रीचं पहिलं वर्ष गेलं.

डिग्रीला मी कॉलेज बदललं, आणि तेव्हा मात्र बघून, विचारून, दोन-दोन वेळा जाऊन बदललं. हे सगळं त्यासाठीच लिहितेय, कारण दरवर्षी ओळखीतल्या कोणाची तरी मुलगी फोन करते आणि पहिला प्रश्न असतो, "ताई, व्हॉलीबॉलला कुठलं कॉलेज चांगलंय?" मी नाव सांगत नाही. सर बदलले की दोन वर्षांत टीम बदलते, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचं चांगलं कॉलेज आज चांगलं असेलच असं नाही. मी एवढंच सांगते की संध्याकाळी प्रॅक्टिस बघायला जा. कपाट बघू नका, ग्राउंड बघा. आणि हे बोर्डाच्या परीक्षेआधी डिसेंबर-जानेवारीत करा, ॲडमिशनच्या गडबडीत जमत नाही.

मी दोन कॉलेजांच्या प्रॅक्टिस बघितल्या होत्या. पहिल्या ठिकाणी वीस-बावीस मुली आणि तीन बॉल. सिनियर सहा जणी आत खेळतायत, बाकीच्या लाइनच्या बाहेर उभ्या, बॉल गेला की आणून द्यायचा. मी सेटर, त्यामुळे सवयीने मोजत बसले की फर्स्ट इयरच्या मुलीच्या हाताला बॉल किती वेळा लागतो. एका तासात सात वेळा, त्यातही चार वेळा उचलून दिलेला. ट्रॉफ्या ह्याच कॉलेजकडे जास्त होत्या. दुसऱ्या ठिकाणी ग्राउंड साधं मातीचं, नेट मधोमध जरा झोल गेलेलं, पण जाळीच्या पिशवीत चौदा बॉल होते, त्यातला एक तर पूर्ण सोललेला, तो भिंतीवर मारायच्या ड्रिलसाठी. सर स्टुलावर उभे राहून पलीकडून बॉल मारत होते आणि मुली ओळीने रिसीव्ह करत होत्या. एका मुलीचा पास सारखा मागे जात होता. सर खाली उतरले, तिच्या उजव्या पायाशी बुटाच्या टाचेने मातीत एक रेघ ओढली आणि म्हणाले, "पाय हिच्या पुढे टाकल्याशिवाय हात जोडायचे नाहीत." मग पुढचे दहा बॉल तिलाच. सातवा की आठवा पास बरोबर माझ्यासमोर नेटपाशी आला, जिथे सेटर उभी असते तिथे. मी घरी येऊन बाबांना सांगितलं, हेच कॉलेज.

आता पावसाचं. हे मुंबईत कोणी विचारत नाही आणि सगळ्यात आधी हेच विचारायला पाहिजे. कॉलेज सुरू होतं जूनमध्ये, जून ते सप्टेंबर ग्राउंडवर चिखल, आणि इंटर कॉलेज स्पर्धा साधारण पाऊस संपता संपताच सुरू होतात. म्हणजे सीझनच्या आधीचे जे महिने खरे महत्त्वाचे तेव्हाच तुमच्याकडे ग्राउंड नाही. तर सरांना सरळ विचारा, पावसाळ्यात टीम कुठे प्रॅक्टिस करते? हॉल आहे का, त्याची उंची किती, की बॅडमिंटनवाल्यांबरोबर आठवड्यातून दोन दिवस मिळतो? आमच्या कॉलेजला हॉल नव्हता, पण पार्किंगच्या शेडखाली रोज एक तास वॉल ड्रिल, फुटवर्क आणि वेट ट्रेनिंग व्हायचं, आणि रविवारी एका शाळेचा हॉल सर मागून घ्यायचे. "पावसात बंदच असतं" असं उत्तर आलं तर समजून घ्या.

ट्रेनचं पण तसंच. मी विक्रोळीची, कॉलेज मध्य रेल्वेच्याच लाइनवर, त्यामुळे निभावलं. आमच्या टीममधली एक मिडल ब्लॉकर (नेटच्या मधोमध उभी राहून समोरचा स्मॅश अडवणारी) विरारहून यायची, दादरला उतरून लाइन बदलायची, प्रॅक्टिस साडेसहाला संपली की गर्दीच्या ऐन वेळी किट बॅग घेऊन विरार गाडीत चढायचं, घरी पोचेपर्यंत नऊ. तिची उंची आणि उडी आमच्या सगळ्यांपेक्षा भारी होती, पण सेकंड इयरच्या मध्यावर तिने खेळ सोडला. ना दुखापत ना अभ्यास, नुसता प्रवास. मला आजही त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा दुपारी जाऊ नका, प्रॅक्टिस सुटायच्या वेळी तिथून निघा आणि त्याच गाडीने घरी या, मग ठरवा.

आता कागदोपत्री भाग, हा नीट समजून घ्या कारण इथे सगळ्यांचाच गोंधळ होतो. अकरावी-बारावीची मुलगी विद्यापीठाकडून खेळत नाही, ती खेळते शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये १९ वर्षांखालच्या गटात, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, माहीम-सायनपर्यंत शहर, वांद्रे-कुर्ल्यापासून पुढे उपनगर. म्हणजे दादरचं ज्युनियर कॉलेज घेतलं की कांदिवलीची मुलगी शहर जिल्ह्यातून खेळणार, समोरच्या टीम वेगळ्या, चुरस वेगळी. अकरावीच्या ॲडमिशनला खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण असतं, पण सर्टिफिकेटची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते, ती शेवटच्या आठवड्यात होत नाही. शाळेकडून मिळालेलं प्रत्येक सर्टिफिकेट आत्ताच फाइलला लावा, नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख तपासा. माझ्या एका सर्टिफिकेटवर आडनाव चुकलं होतं, ते दुरुस्त करायला बाबांनी तीन सुट्ट्या घालवल्या.

डिग्रीला गेलं की कॉलेजच्या वरची पायरी विद्यापीठ. इंटर कॉलेजमधून विद्यापीठाची बारा जणींची टीम निवडतात, ती जाते वेस्ट झोनला, म्हणजे पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या स्पर्धेला, तिथून वर आलेल्या टीम ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीला, आणि तिथल्या वरच्या टीम खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सला, जे २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झाले. म्हणून कॉलेज कुठल्या विद्यापीठाचं आहे हे बघणं आलंच. मुंबई विद्यापीठात मुंबई, ठाणे, पालघरपासून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गपर्यंतची कॉलेजं येतात, शेकडो, तेव्हा त्या बाराजणींत येणं सोपं नाही, पण मॅचेस भरपूर मिळतात आणि मॅचेसनेच खेळ वाढतो. एसएनडीटी हे वेगळं महिला विद्यापीठ आहे, १९१६ सालचं, महर्षी कर्व्यांनी काढलेलं, चर्चगेट आणि जुहूला त्यांचे कॅम्पस आहेत, त्यांची टीम वेगळी जाते. चर्चगेटची केसी आणि एचआर कॉलेजं २०२० पासून एचएसएनसी विद्यापीठात आहेत, एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात. छोट्या विद्यापीठात टीममध्ये यायची शक्यता जास्त, पण वर्षभर समोर खेळायला कोण आहे तेही विचारा. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं मॅचेस जास्त जिथे मिळतील तिथे जा.

पोझिशनचं मी फार उशिरा शिकले. सरांना विचारायचं, माझ्या जागेवर आत्ता कोण आहे आणि ती कितवीला आहे? फाइव्ह-वन खेळणाऱ्या टीममध्ये सेटर एकच, ती फर्स्ट इयरला असेल तर तुम्ही तीन वर्षं बाकावर. ती थर्ड इयरला असेल तर वर्षभर तिच्या मागे उभं राहून शिकायचं आणि पुढच्या वर्षी जागा तुमची. माझं असंच झालं, आमच्या थर्ड इयरच्या ताईने मला प्रॅक्टिसनंतर रोज वीस मिनिटं बॅक सेट शिकवला, स्वतःची ट्रेन सोडून. उंची कमी असलेल्या मुलींनी लिबरोचं (फक्त मागच्या लाइनमध्ये बॉल उचलणारी, वेगळ्या जर्सीतली खेळाडू) विचारावं, टीमला खरी लिबरो आहे की जी स्मॅश मारत नाही तिला वेगळी जर्सी दिलीय. रिसीव्ह चांगला असेल तर पाच फूट दोन इंचाची मुलगी पण विद्यापीठापर्यंत जाते, मी बघितलंय. पण २.२४ मीटरच्या नेटवर मिडल खेळायचं तर उंची नाहीतर उडी लागणारच, तिथे खोटी आशा कोणी देऊ नये.

मुलींनी आणि त्यांच्या आयांनी अजून काही गोष्टी बिनधास्त विचाराव्यात, लाजू नये. चेंजिंग रूम आहे का आणि तिला आतून कडी आहे का. ग्राउंडजवळचं टॉयलेट संध्याकाळी उघडं असतं की शिपाई पाचला कुलूप लावून जातो. ग्राउंडवर लाइट. बाहेरगावी टीम जाते तेव्हा सोबत मॅडम असतात का, राहायचं कुठे, रिझर्व्हेशन कॉलेज काढतं का. पाळीच्या दिवशी पोटात दुखतंय हे सरांना सांगता येतं का, की एखादी सिनियर मध्ये लागते. घोटा मुरगळला तर फिजिओकडे कोण नेतं आणि पैसे कोण भरतं, कारण लँडिंगला समोरचीच्या पायावर पाय पडणं हे व्हॉलीबॉलमध्ये कधी ना कधी होतंच. हे प्रश्न विचारल्यावर जे सर चिडतात त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काढायची नाहीत.

अभ्यासाचं थोडक्यात. ७५ टक्के अटेंडन्स लागतो, कॅम्प आणि स्पर्धांचे दिवस जिमखान्याच्या पत्रावर धरले जातात, पण ते पत्र वेळेत देणारा माणूस जिमखान्यात पाहिजे. सायन्सची प्रॅक्टिकल दुपारी उशिरापर्यंत चालतात आणि प्रॅक्टिसवर येतात, तेव्हा सायन्सच घ्यायचं असेल तर टीममध्ये सायन्सच्या मुली आहेत का बघा, असतील तर त्यांनी रस्ता काढलेला असतो. आमच्या वेळी विद्यापीठाच्या नियमाने खेळाचे १० ग्रेस मार्क मिळायचे, आता नव्या धोरणात को-करिक्युलरचे क्रेडिट आलेत, तुमच्या कॉलेजात ते खेळाला कसे धरतात ते ऑफिसात विचारून घ्या.

आणि डिग्री सोडून नुसतं खेळेन असं कृपया करू नका. २०२२ ला प्राइम व्हॉलीबॉल लीग आली ती पुरुषांची, मुलींच्या हातात मुख्य रस्ता नोकरीचाच आहे. रेल्वे खेळाडूंची भरती करते आणि महिलांच्या नॅशनलला रेल्वे आणि केरळ ही दोन नावं वर्षानुवर्षं वर असतात. केरळात तर वीज मंडळाची स्वतःची महिला टीम आहे. आपल्याकडे राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पदाप्रमाणे कुठल्या स्तरावरचं प्राविण्य लागतं ते ठरलेलं असतं, आणि शिक्षणाची अट असतेच. माझ्याबरोबर खेळलेल्या दोघी जणी आज सरकारी नोकरीत आहेत, दोघींनीही थर्ड इयरची परीक्षा वेळेत दिली होती.

अमेरिकेत जाऊन खेळायचं असंही हल्ली विचारतात. तिथे सगळा कारभार एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांची तिथली संघटना) नियमांनी चालतो, तीन डिव्हिजन, त्यातल्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसतेच, आणि आयव्ही लीगमध्येही (हार्वर्ड, येलसारखी विद्यापीठं) नसते. डिव्हिजन वनला शाळेतले सोळा कोअर कोर्स (इंग्रजी, गणित, सायन्ससारख्या मुख्य विषयांचे) आणि त्यांत किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी गुण) लागतो, तो नववीपासूनचा मोजतात, म्हणजे बारावीनंतर जागं होऊन उपयोग नाही. मॅचचे व्हिडिओ आत्तापासून साठवा, एक अख्खा सेट न कापता, कोचना तेच बघायचं असतं.

गेल्या डिसेंबरमध्ये आमच्याच बिल्डिंगमधल्या एका दहावीच्या मुलीला घेऊन मी तीन कॉलेजं फिरले. ती लिबरो. पहिल्या ठिकाणी शिपायाने गेटवरूनच परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी मॅडम छान बोलल्या, पण नेट लागलेलं नव्हतं, खांबांवर कपडे वाळत होते. तिसऱ्या ठिकाणी सरांनी तिच्याकडे बघून विचारलं, "शूज आणलेत का?" तिने आणले होते, मीच सांगितलं होतं. चाळीस मिनिटं तिला मागच्या लाइनमध्ये उभं केलं, दोन्ही कोपरं मातीने भरली, एक बॉल तर तिने आडवी पडून उचलला आणि सिनियर मुलींनी टाळ्या वाजवल्या. परत येताना लेडीज डब्यात दारापाशी उभी राहून ती घाटकोपरपर्यंत काहीच बोलली नाही, मग विचारलं, "ताई, बोर्डाची परीक्षा संपली की लगेच दुसऱ्या दिवसापासून आले तर चालेल का, विचाराल सरांना?" जूनमध्ये फॉर्म भरताना तिने तेच कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं, तिला मिळत असलेल्या कॉलेजपेक्षा कट-ऑफ चार टक्क्यांनी खाली असलेलं. तिची आई आठवडाभर माझ्याशी नीट बोलत नव्हती. आता सकाळी सहा दहाच्या गाडीला तिला सोडायला त्याच स्टेशनपर्यंत जातात, नी-पॅडची पिशवी हातात घेऊन.